स्वस्त रायफल, नवा दस्ता: खर्च कुठे लागी लागतो?

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात सॅव्हेज अ‍ॅक्सिस हातात घेतली की जाणकार गिऱ्हाईक आधी एक गोष्ट करून बघतं. नळी आणि तिच्याखालचा दस्त्याचा पुढचा भाग एकाच मुठीत धरून दाबतं. प्लास्टिक वाकतं आणि नळीला टेकतं. मूठ सैल केली की दोघांतली फट पुन्हा दिसू लागते. एवढ्या साध्या चाचणीतून स्वस्त रायफलीची सगळी गोम कळते. नळी बरी, बोल्ट बरा, चापही चालण्याजोगा आणि हे सगळं धरून ठेवणारा दस्ता तेवढा लेचापेचा.

म्हणूनच नवशिक्या नेमबाजाने पहिली रायफल घेतली, चार-दोन वेळा रेंजवर जाऊन आला, की त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो दस्ता बदलण्याचा. अमेरिकेत हे सोपंही आहे. तिथल्या संघराज्याच्या कायद्यात ‘बंदूक’ म्हणजे अनुक्रमांक कोरलेली अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो धातूचा गाभा. तो टपालाने मागवला तर परवानाधारक दुकानदारामार्फतच घ्यावा लागतो. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा दस्ता मात्र टपालाने थेट घरी येतो, आणि बहुतेक रायफलींवर तो बसवायला दोन स्क्रू काढून दोन घट्ट करावे लागतात. शंभर-सव्वाशे डॉलरपासून हजाराच्या पुढेपर्यंत किमती आहेत. प्रश्न एवढाच की चारेकशे डॉलरच्या रायफलीवर त्यातला कोणता खर्च लागी लागतो, आणि कोणता नुसता दिखाऊ ठरतो.

या स्वस्त रायफलींची पिढी फार जुनी नाही. सॅव्हेजने २०१० साली ‘एज’ नावाने आणलेली रायफल पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅक्सिस’ झाली. पाठोपाठ रूगरची ‘अमेरिकन’ आली, रेमिंग्टनने २०१३मध्ये ‘७८३’ काढली, मॉसबर्गची ‘पेट्रियट’ २०१५मध्ये बाजारात उतरली. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे अचूक नळ्या आणि अ‍ॅक्शन स्वस्तात निघू लागल्या होत्या. रूगर तर आपल्या नळ्या थंड अवस्थेत घणाखाली घडवते. थॉम्प्सन सेंटरने ‘कंपास’ या स्वस्त रायफलीबरोबरही शंभर यार्डांवर तीन गोळ्या साधारण एका इंचात पडतील अशी हमी दिली. पूर्वी अशी हमी महागड्या रायफलींपुरतीच असे.

मग पैसे वाचवायचे कुठे? दस्त्यात. साच्यात ओतलेलं प्लास्टिक, आतून पोकळ, कडेने पातळ. एकदा साचा तयार झाला की एकेक दस्ता अगदी थोडक्या पैशांत बाहेर पडतो. तो पावसात फुगत नाही, थंडीत तडकत नाही, वजनालाही हलका. शिकाऱ्याला डोंगर चढून जायचं असतं आणि हंगामात मोजक्या गोळ्या झाडायच्या असतात. त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. अडचण होते ती तीच रायफल कागदी लक्ष्यावर शंभर-शंभर गोळ्या झाडायला नेली, तिला पुढे दुपायी लावली किंवा पट्टा हाताला आवळून धरला की. दस्ता दाबाखाली झुकतो, कधी नळीला टेकतो, कधी टेकत नाही, आणि गोळ्या त्या मानाने इकडेतिकडे पडतात.

नळी मोकळी का हवी, हे समजून घ्यायला हवं. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. ही थरथर दर गोळीला सारखीच असेल तर गोळ्या एकाच ठिकाणी जातात. दस्ता नळीला मधूनच टेकत असेल तर थरथर बदलते आणि तापलेली नळी प्रसरण पावून आणखी गोंधळ घालते. त्यामुळे आधुनिक रायफलीत नळी अ‍ॅक्शनपासून पुढे अधांतरी ठेवतात. कागदाची पट्टी नळीखालून सरकवत अ‍ॅक्शनपर्यंत नेता आली की नळी मोकळी आहे असं समजायचं. मात्र ही परीक्षा रायफल दुपायीवर टेकवून, नेहमीचा भार देऊनच घ्यावी. रिकाम्या हातात सगळेच दस्ते पास होतात.

या धड्याची मोठी किंमत अमेरिकन सैन्याने मोजली. १९६६मध्ये मरीन कोअरने रेमिंग्टन ७०० ही रायफल ‘एम४०’ म्हणून नेमबाजांच्या हाती दिली. तिचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता. व्हिएतनामच्या दमट जंगलात लाकूड फुगलं, वाकलं आणि नळीवर दाबू लागलं. एकदा साधलेला नेम काही दिवसांत हललेला असे. सत्तरच्या दशकात क्वांटिकोच्या कार्यशाळेत ‘एम४०ए१’ घडली तेव्हा तिच्यावर मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता चढला. १९८८मध्ये लष्कराने घेतलेल्या ‘एम२४’मध्ये एच-एस प्रिसिजनच्या दस्त्यात अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळाच बसवलेला होता. अ‍ॅक्शन थेट धातूवर टेकते आणि दस्ता कशाचाही असला तरी तिची बैठक हलत नाही.

त्याच्या पुढची पायरी एका ऑलिंपिक नेमबाजाने गाठली. माल्कम कूपर या ब्रिटिश खेळाडूने १९८४च्या लॉस एंजेलिस आणि १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या एकाच प्रकारात सुवर्णपदक राखलं. त्याच्या अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी केलेल्या ‘एल९६’ रायफलीत दस्ता म्हणून काही उरलंच नाही. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा कणा, त्यावर अ‍ॅक्शन घट्ट बसवलेली आणि हाताला धरायला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची कवचं. आज ‘चॅसी’ म्हणून जे काही विकलं जातं त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे. कंपनीने पुढे रेमिंग्टन ७००साठी असाच तयार सांगाडा काढला आणि त्याच्या मॅगझिनचा आकार आता अनेक कंपन्यांनी प्रमाण म्हणून उचलला आहे.

इथवर गोष्ट धातूची. दस्त्याचं दुसरं काम माणसाशी निगडित आहे, आणि नवशिक्याचं नुकसान बहुधा तिथेच होतं.

कारखान्यातून येणारा दस्ता तयार सदऱ्यासारखा सरासरी मापाचा असतो. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. बुटक्या माणसाला, कित्येक स्त्रियांना आणि पोरासोरांना ते लांब पडतं. मग मान पुढे ताणावी लागते, खांदा मागे जातो, आणि दुर्बिणीत पूर्ण चित्र दिसायच्या ऐवजी कडेला काळी चंद्रकोर दिसते. म्हणून रूगरसारख्या कंपन्या साडेबारा इंचांच्या आखूड आवृत्त्याही काढतात.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक. जुन्या दस्त्यांची गाल टेकायची कड उघड्या माशीवरून नेम धरण्यासाठी आखलेली होती. दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते. पुढची काच मोठी असेल तर आणखी वर. गाल टेकवला की डोळा दुर्बिणीच्या खाली राहतो. डोळा वर आणावा तर गालाऐवजी हनुवटी टेकते. मान अधांतरी असली की डोळा दर वेळी थोड्या वेगळ्या जागी येतो. शिकारीच्या बहुतेक दुर्बिणी शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेल्या असतात. त्यापेक्षा जवळच्या वा लांबच्या लक्ष्यावर डोळा मध्यापासून हलला की आतली फुलीही लक्ष्यावरून सरकलेली दिसते. ही चूक रायफलीची नसते, पण गोळ्या एकत्र पडू देत नाही.

दस्ता अंगाला बसणं किती महत्त्वाचं, हे मराठी वाचकाला ओळखीच्या उदाहरणातून दिसेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते कूपरच्याच ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात. अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४. या प्रकारात .२२ची रायफल आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून आणि शेवटी उभं राहून चालवायची असते. स्थिती बदलताना मिळणाऱ्या वेळात खेळाडू मागची बटप्लेट वरखाली करतात, गालपट्टी हलवतात, हाताचा टेकू पुढेमागे सरकवतात. तीच नळी आणि तोच बोल्ट तीन वेगळ्या शरीरस्थितींना बसवून घ्यायचा. नियमाने रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते, आणि या पातळीवरच्या रायफलींचा दस्ता म्हणजे मोजपट्ट्या कोरलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडाच असतो. पुण्या-मुंबईतल्या रेंजवर एकच एअर रायफल दोघा-तिघा मुलांत फिरत असली की प्रशिक्षक आधी प्रत्येकाचे आकडे वहीत लिहून ठेवायला लावतात, ते यासाठीच.

शिकारीच्या रायफलीला एवढ्या कळा लागत नाहीत. पण लांबी आणि गालाची उंची या दोन गोष्टी बदलता आल्या तरी नवशिक्याचं अर्धं काम होतं.

बाजारात आज चार वाटा आहेत. पहिली लॅमिनेट लाकडाची. साउथ डाकोटातल्या मिचेल गावची बॉइड्स ही कंपनी यात आघाडीवर आहे. बर्च लाकडाचे पातळ पापुद्रे गोंदात भिजवून, दाबून एक ठोकळा करतात आणि त्यातून दस्ता कातून काढतात. थर एकमेकांना धरून ठेवत असल्याने अखंड लाकडासारखा तो हवेतल्या ओलाव्याने सहज वाकत नाही. रंगीबेरंगी पट्टे दिसतात, हाताला ऊब लागते, आणि अ‍ॅक्सिससारख्या रायफलींसाठीही तो सहज मिळतो. किंमत शे-दीडशे डॉलरपासून; लांबी किंवा गालपट्टी सरकवता येणारा हवा तर आणखी. वजन मात्र मूळ प्लास्टिकपेक्षा ठळकपणे वाढतं.

दुसरी वाट चांगल्या प्लास्टिकची. मॅगपुलचा ‘हंटर’ दस्ता याचं ठळक उदाहरण. बाहेरून जाड, ताठ पॉलिमर, आत अ‍ॅक्शन बसायला अ‍ॅल्युमिनियमची बैठक, मागे लांबी वाढवायच्या पट्ट्या. तिसरी वाट फायबरग्लास आणि कार्बन फायबरची. मॅकमिलन किंवा एच-एस प्रिसिजन यांचे दस्ते हलके आणि ताठ असतात, वर्षानुवर्षं टिकतात, पण किंमत बरेचदा स्वस्त रायफलीपेक्षाही जास्त. चौथी वाट चॅसीची. कॅनडातल्या एमडीटीची ‘ओरिक्स’ किंवा केआरजीची ‘ब्राव्हो’ यांनी ती चारशे डॉलरच्या आसपास आणून ठेवली. अ‍ॅक्शन व्ही आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खोबणीत बसते, वेगळी बैठक ओतावी लागत नाही. थंडीत उघडा धातू हाताला झोंबतो, आणि चार-पाच किलोंची रायफल खांद्यावर घेऊन दिवसभर हिंडायचं तर शिकारी दुपारीच वैतागतो.

यातली निवड पुष्कळदा खिसा करत नाही, अ‍ॅक्शनचा तळ करतो. १९६२पासून बनत आलेली रेमिंग्टन ७०० अमेरिकेत इतकी पसरली की दस्ते बनवणारा प्रत्येक जण आधी तिच्यासाठी बनवतो. स्पेनच्या बर्गाराने आपली ‘बी-१४’ त्याच मापाची केली, इतकंच काय, .२२ची ‘बी-१४आर’सुद्धा. त्यामुळे तिच्या मालकाला पहिल्याच दिवशी डझनावारी दस्ते मिळतात. रूगर अमेरिकन, अ‍ॅक्सिस आणि पेट्रियट यांचे तळ वेगवेगळे. अ‍ॅक्सिसचा धक्का झेलणारा पोलादी तुकडा अ‍ॅक्शनला जोडलेला नसून दस्त्यात बसवलेला असतो. रूगरमध्ये दोन ठोकळे तेच काम करतात. दस्ता त्या मॉडेलचा, त्या अ‍ॅक्शनच्या लांबीचा आणि त्या मॅगझिनचा नसेल तर तो कितीही देखणा असला तरी निरुपयोगी. पुढेमागे रायफलीवर हात फिरवायची हौस असेल, तर पहिल्या खरेदीत शंभर-दोनशे डॉलर जास्त घालून रेमिंग्टनच्या मापाची रायफल घेणं शेवटी स्वस्त पडतं.

नवा दस्ता घेण्याआधी घरच्या घरी करण्याजोगेही बरेच उपाय आहेत, आणि अमेरिकन हौशी मंडळींचा त्यात हातखंडा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी रायफली स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा मिझुरीतल्या वॉर्सा या छोट्या गावातल्या बिशप आणि फाजेन या कारखान्यांनी अर्धवट कोरलेले अक्रोडाचे दस्ते देशभर पाठवले. लोकांनी ते गॅरेजमध्ये बसून कानस-पॉलिशने पुरे केले. आजचा त्यांचा वारसदार प्लास्टिकवर प्रयोग करतो. अ‍ॅक्सिसचा पुढचा पोकळ भाग काचकागदाने खरवडायचा, त्यात धनुष्यबाणाची कार्बनची दांडी कापून आडवी ठेवायची आणि वरून इपॉक्सी ओतायची. रात्रभरात ती कडक होते. मग नळीची खोबण घासून मोकळी करायची. वीस-तीस डॉलरमध्ये पुढचा भाग दाबला तरी नळीला टेकेनासा होतो.

अ‍ॅक्शनखाली इपॉक्सीची बैठक ओतणं, म्हणजे बेडिंग, हे त्याहून नेटकं काम. आधी सगळ्या भोकांत आणि खाचांत प्लास्टिसिन भरायचं, धातूवर बुटांच्या पॉलिशचा किंवा खास द्रवाचा पातळ थर द्यायचा, नळीभोवती टेप गुंडाळून ती मध्यभागी राहील असं बघायचं, आणि मग कालवलेली इपॉक्सी पसरून अ‍ॅक्शन अलगद बसवायची. कडेने बाहेर आलेला लगदा मऊ आहे तोवर पुसून घ्यावा लागतो. पॉलिश द्यायला विसरणाऱ्याची रायफल दस्त्याला कायमची चिकटते. ती सोडवण्यासाठी मंडळी आधी फ्रीझरमध्ये ठेवतात, मग लाकडी हातोडी काढतात. काही प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरतही नाही, त्यामुळे मऊ दस्त्यावर हे काम करण्यात फारसा अर्थ नसतो.

गालाच्या उंचीसाठी तर यातलं काहीच लागत नाही. वेल्क्रोने बांधायची फोमची गादी वीस-चाळीस डॉलरला येते. खांद्याकडचा रबरी पॅड मोज्यासारखा चढवता येतो, धक्का मवाळ होतो आणि दस्ता इंचभर लांबही होतो. उंच माणसाला हे फायद्याचं. बुटक्याला उलट आणखी त्रासाचं.

वजनाचा हिशेबही आधी मांडावा. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सात पौंडांची रायफल नऊ पौंडांची झाली की धक्का सुमारे २२ टक्के कमी होतो. .३०८ किंवा त्याहून जोरदार काडतूस वापरणाऱ्या नवशिक्याला हा फरक खांद्यावर स्पष्ट जाणवतो. धक्क्याच्या भीतीने चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची सवय एकदा लागली की ती सोडवायला महिने जातात. याच्या उलट .२२ला धक्का नसतोच म्हटलं तरी चालेल. तिथे जड दस्ता फक्त स्थिरतेसाठी.

नव्या दस्त्याचे गोडवे गाणाऱ्यांचे दाखले मात्र पारखून घ्यावेत. ‘आधी दीड इंच, आता पाऊण’ असं सांगणाऱ्याने बहुधा आधी तीन आणि नंतर तीन गोळ्या झाडलेल्या असतात. तीन गोळ्यांचा ग्रुप निव्वळ योगायोगाने निम्मा किंवा दुप्पट येऊ शकतो. तेच काडतूस, तीच दुर्बीण ठेवून आधी दहा-दहाचे दोन-तीन ग्रुप आणि नंतरही तेवढेच झाडले तरच तुलनेला वजन येतं. शिवाय दस्ता बदलताना स्क्रू नव्याने आणि नीट आवळले जातात. सुधारणेचं निम्मं श्रेय पुष्कळदा त्या स्क्रूंचंच असतं. इंच-पाउंडात मोजणारा छोटा टॉर्क पाना हे नवशिक्याच्या पेटीतलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं हत्यार आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसीवर साधारण ६५ इंच-पाउंड चालतात. तेवढाच जोर नुसत्या लाकडावर लावला तर ते दबतं. प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तोच पाळावा.

याच कारणाने बरेच अनुभवी प्रशिक्षक नवशिक्याला सांगतात की आधी काडतुसं घे. दोनशे डॉलरच्या दस्त्याच्या पैशात .३०८ची शंभर-दीडशे काडतुसं येतात, .२२ची हजाराहून जास्त. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. मान अवघडत असेल आणि खांदा दुखत असेल तर हजार गोळ्यांत हजार वेळा चुकीचीच सवय मुरते. दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर खर्चाचा क्रम आपोआप लागतो. स्क्रू नीट आवळणं आणि नळीखालची फट तपासणं फुकटात होतं. गालाची गादी आणि मागचा पॅड त्याच्या खालोखाल. एवढं करून रायफल अंगाला बसली आणि तरी दुपायीवर दस्ता नळीला टेकत असेल, तर घरची इपॉक्सी किंवा लॅमिनेट. चॅसीचा विचार स्पर्धेत उतरायचं नक्की झाल्यावर. त्यातही एनआरएल२२सारख्या .२२च्या सामन्यांत बेस गटासाठी रायफल आणि दुर्बिणीच्या किमतीला मर्यादा आहे, हे आधी वाचून घ्यावं.

दरम्यान कारखान्यांनीही हवेचा रोख ओळखला आहे. सॅव्हेजने २०१८मध्ये आपल्या ११० मालिकेत लांबीच्या पट्ट्या आणि बदलत्या गालपट्ट्या असलेली ‘अ‍ॅक्युफिट’ रचना आणली. रूगर अमेरिकनच्या २०२३च्या अखेरीस जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीतही लांबी आणि गालाची उंची बदलता येते. फिनलंडच्या टिक्काने २०१६च्या ‘टी३एक्स’मध्ये मुठीचा भाग बदलण्याजोगा केला. दहा वर्षांपूर्वी ज्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत, ते आता पेटीतच मिळू लागलं आहे. अर्थात रायफलीची किंमतही त्या मानाने वर सरकली आहे. आज नवी रायफल घेणाऱ्याने जुन्या अ‍ॅक्सिसची किंमत अधिक नव्या दस्त्याची किंमत अशी बेरीज करून ती या नव्या मॉडेलशी ताडून पाहावी.

भारतात हा सगळा हिशेब वेगळ्या चौकटीत बसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचं दार बंद केलं. १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या सुट्या भागांचाही समावेश आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. अमेरिकेतला नातेवाईक येताना बॅगेत दस्ता घालून आणेल, या भरवशावर राहू नये. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि कस्टमला आधी लेखी विचारावं. महाराष्ट्रातल्या नवशिक्याचा मार्ग बहुतेकदा क्लबच्या एअर रायफलीवरून जातो. तिथे पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकाकडून बटची लांबी आणि गालपट्टी आपल्या मापाला लावून घेणं, एवढ्यावर काम भागतं.

ज्यांनी दस्ता बदललाच, त्यांच्यासाठी दोन कामं उरतात. अ‍ॅक्शन एकदा बाहेर काढून पुन्हा बसवली की नेम हलतो, म्हणून हंगामाच्या वा सामन्याच्या पुरेसं आधी रेंजवर जाऊन दुर्बीण नव्याने जुळवायची. आणि जुना दस्ता फेकायचा नाही: रायफल विकताना अनेक गिऱ्हाइकांना ती मूळ रूपातच हवी असते, नवा दस्ता वेगळा विकून त्याचे निम्मे-अधिक पैसे परत येऊ शकतात.